अम्मानं फाटक उघडलं

आमच्या घरी कोणी संत्री घेऊन आलं, की मी त्याला दारातच अडवते. लोकांकडे आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी आली की पोरं नाचतात. आमच्याकडे आली की मी आधी विचारणार, कोणी पाठवली, कशासाठी पाठवली, आणि उत्तर देताना समोरचा जरा जरी अडखळला तर पेटी जशीच्या तशी परत. अमरावतीत राहून प्रत्येक संत्रं बाजारातून पैसे मोजून आणणारं आमचं एकटंच घर असावं. न्यायाधीशाची बायको म्हणून मी सारा जन्म हेच केलं, आणि लोकांनी मला अकडू म्हटलं. म्हणोत बापडे.

मी हिवरखेडची. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, हे आमच्या शेतकऱ्याच्या घरातलं वळण. अकोल्याला कायदा शिकायला आले आणि तिथं हे भेटले. तमिळ माणूस. ह्यांचे वडील रेल्वेत कारकून म्हणून अकोल्याला आले ते तिथलेच झाले. ह्यांचा जन्म अकोल्याचा, शाळा मराठी, मित्र सगळे जुन्या शहरातले. नाव ऐकलं की माणूस दचकायचा, आणि तोंड उघडलं की दुप्पट दचकायचा. मी घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मद्रासी जावई? त्याच्याशी बोलू कोन्या भाषेत?" मग हे एकदा घरी आले आणि वडिलांशी कपाशीवरच्या बोंडअळीवर दुपारभर बोलत बसले. ते गेल्यावर वडील डोकं खाजवत म्हणाले, "हा तं आपल्याहून वऱ्हाडी हाय बाप्पा!"

ह्यांची पहिली नेमणूक कोकणात झाली. तिथं एका वकिलानं मोठ्या अदबीनं विचारलं, साहेब, आपण मूळचे मद्रासकडचे, मग हे 'काहून' कुठून आलं? हे म्हणाले, "अकोल्याहून. अजून काई विचारायचं हाये?" पुढं मराठवाडा झाला, खानदेश झाला, आणि शेवटी अमरावती. नवरा न्यायाधीश आणि बायको त्याच गावात वकील, हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी माझा काळा कोट पहिल्याच वर्षी काढून ठेवला. त्याचा मला राग आला होता, आजही येतो. पण तो विषय वेगळा.

न्यायाधीशाच्या घराचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण ते आमच्या अंगात भिनले होते. गावातल्या लग्नाला जायचं नाही. भिशीत जायचं नाही. कोणाच्या घराच्या पायऱ्या चढायच्या नाहीत आणि कोणाला आपल्या चढू द्यायच्या नाहीत. 'कर नाही त्याला डर कशाला' असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यानं एकदा न्यायाधीशाच्या घरात राहून बघावं. इथं कर नसलेल्यालाच जास्त डर असतो.

हे सगळे नियम मी पाळले, ह्यांनी पाळले, आमच्या मुलीनंही पाळले. नाही पाळले ते अम्मानं.

अम्मा म्हणजे माझी सासू. लग्न होऊन तंजावरकडून अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली ती सोळा-सतरा वर्षांची पोर होती. आता ऐंशी ओलांडली आहे. माझ्याशी वऱ्हाडी बोलते, मुलाशी बहुतेक तमिळ, आणि देवाशी दोन्ही. तिचं आणि आमच्या नियमांचं भांडण वर्षातून एकदा व्हायचं, नवरात्रात. कारण नवरात्रात अम्मा गोलू मांडते. पायऱ्यांची उतरंड करून तिच्यावर पांढरं कापड घालायचं आणि वर मातीच्या बाहुल्या ओळीनं बसवायच्या: देव, राजाराणी, वाणी आणि त्याची वाणीण, लग्नाची वरात. अकोल्यात शेजारच्या पोरी त्याला 'मद्रासी भुलाबाई' म्हणायच्या आणि समोर बसून आपली भुलाबाईची गाणी म्हणायच्या. संध्याकाळी बाया येतात, हरभऱ्याची उसळ खातात, आणि जाताना त्यांना कुंकू, विड्याची पानं, सुपारी, फळ द्यायचं. त्या दिवसांत दारात आलेली बाई म्हणजे देवीच. तिला परत लावायचं नाही. अम्माच्या आयुष्यात ह्याला अपवाद नव्हता.

आम्ही त्यात तडजोड काढली होती. फक्त आजूबाजूच्या न्यायाधीशांच्या बायका, बंगल्यावरच्या शिपायाची बायको, आणि बस. बाकी फाटक बंद. अम्मा दरवर्षी बडबडायची, "देवीच्या घराले कोनी कुलूप लावते काय वं?" पण ऐकायची.

त्या वर्षी नाही ऐकलं.

हे कोर्टात होते. शिपाई फुलं आणायला गेला होता, मी स्वयंपाकघरात उसळीला फोडणी देत होते. अम्मा रेशमी लुगडं नेसून व्हरांड्यात बसलेली. फाटकाबाहेर एक बाई येऊन उभी राहिली, सोबत एक तरुण मुलगी. अंबादेवीला येणाऱ्यांची गावात तेव्हा जत्राच असते, तशाच दिसत होत्या म्हणे. बाईच्या हातात ओटीचं ताट. ती आत येईना आणि जाईना. मला आतून अम्माचा आवाज आला, "काहून वं माय, उनात काहून उभी हायेस? ये ना अंदर." आणि अम्मानं फाटक उघडलं.

मी वाट्या घेऊन बाहेर आले तर ती बाई गोलूसमोर बसून हमसून हमसून रडत होती. अम्माचा हात तिच्या डोक्यावर. सोबतची मुलगी मोबाइलवर बाहुल्यांचे फोटो काढत होती. मला वाटलं, कोणी गेलं असेल हिच्या घरचं. मी उसळ दिली, अम्मानं पानसुपारी दिली. बाई अम्माच्या पाया पडली आणि एक शब्द न बोलता गेली. जाताना संत्र्याची पिशवी ठेवून गेली.

"कोण होती?" मी विचारलं.

"कोन जाने. दुःखी होती बिचारी."

माझं डोकंच फिरलं. मी पिशवी उचलून धावत फाटकापर्यंत गेले, पण रस्त्यावर कोणी नव्हतं. पिशवी मी व्हरांड्यातच ठेवली, घरात घेतली नाही. हे आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी नुसतं पिशवीकडे पाहिलं आणि शिपायाला ती देवळात नेऊन द्यायला सांगितली. त्या रात्री जेवण कोणालाच गेलं नाही. नेमकं काय झालंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय हे मात्र कळत होतं.

कळलं ते दोन दिवसांनी, आणि भर कोर्टात. ह्यांच्यासमोर एक खटला होता. शेंदूरजनाघाटकडची तरुण सून विहिरीत सापडलेली, नवरा आरोपी. साक्षी झाल्या होत्या, दोन्ही बाजूंचं बोलून झालं होतं, निकालाची तारीख लागली होती. त्या तारखेला मेलेल्या मुलीचा बाप सरकारी वकिलाला थांबवून स्वतः उभा राहिला. त्याच्या हातात एक फोटो होता. आमच्याकडे फोटो काढणाऱ्या त्या मुलीनं तो मोबाइलवर स्टेटसला टाकला होता, 'साहेबांच्या घरी देवीदर्शन' असं लिहून. फोटोत आमचा गोलू, अम्मा, आणि अम्माच्या हाताखाली डोकं वाकवलेली आरोपीची आई.

बाप म्हणाला, "साहेब, माही पोरगी गेली. आता न्याव बी गेला काय?"

हे मला त्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं. म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तं मलेही असंच वाटलं असतं." त्यांनी तिथल्या तिथं लिहून टाकलं, की हा खटला आता माझ्यासमोर नको, जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांनी तो दुसरीकडे द्यावा. मग चेंबरमध्ये जाऊन बसले आणि पाणी मागितलं.

घरी आल्यावर त्यांनी अम्माला फोटो दाखवला. आरडाओरडा ह्यांच्या स्वभावात नाही. तो माझा प्रांत. मी ओरडले. "तुम्हाला किती वेळा सांगितलं अम्मा! किती वेळा! सगळा जन्म आम्ही जीव मुठीत धरून काढला आणि तुम्ही फाटक उघडून मोकळ्या!"

अम्मानं फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. "हे बाई? हे त्या पोराची माय होय?" आणि मग म्हणाली, "मले मालूम असतं तरी मी तिले उनात कशी उभी ठेवू?"

मी तो फोटो तिच्या हातातून काढून घेतला.

आता त्यात खरी भीती कशाची होती ते सांगते. न्यायाधीशाची नोकरी साठीपर्यंत असते खरी, पण अठ्ठावन्नाला हायकोर्टातून सगळं तपासतात. काम कसं, नाव कसं, कोणाची तक्रार आहे काय. पसंत पडलं तर पुढची दोन वर्षं, नाही तर अठ्ठावन्नालाच नमस्कार. कारण सांगत नाहीत. पण ज्याला अठ्ठावन्नाला घरी पाठवलं, त्याच्याबद्दल सगळं गाव एकच समजतं: खाल्लं असेल. ह्यांचं अठ्ठावन्नावं पुढच्याच उन्हाळ्यात पूर्ण होत होतं. मेलेल्या मुलीच्या बापानं फोटोसकट तक्रार वर पाठवली होती, आणि वरून ह्यांच्याकडे खुलासा मागितला होता. ती बाई पोराबद्दल बोलायला आली होती आणि तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही, हे पुढं तिनंच चौकशीत सांगितलं. पण फोटोला तोंड कुठं असतं?

त्यानंतरचे दिवस असे गेले. फोन वाजला की आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचो आणि कोणीच उचलायचो नाही. सकाळी ह्यांच्यासोबत फिरायला येणारे दोन न्यायाधीश हळूच वेळ बदलून गेले. भाजी घ्यायला गेले तर बायका बोलता बोलता थांबायच्या. कदाचित त्या कोथिंबिरीचा भाव ठरवत असतील, पण मला ते माझ्याबद्दलच वाटायचं. हिवरखेडला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तिथं माझ्या सख्ख्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांग. भाऊजीनं काई घेतलं तं नाई ना?" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. सख्खा भाऊ असं विचारतो तर बाकीचे न विचारताच काय ठरवून बसले असतील, ह्या विचारानं मी त्या लग्नात जेवले नाही.

आणि हे? हे रोज कोर्टात जायचे, रोज तितकंच काम करायचे, घरी आल्यावर बूट पुसायचे. पुसलेलेच पुन्हा पुसायचे.

मग आम्ही अकोल्याला गेलो. ह्यांचा शाळेतला मित्र तिथं डॉक्टर आहे, म्हाताऱ्यांच्या विसरभोळेपणाचे आजार बघतो. अम्माच्या हातची इडली खाऊन मोठा झालेला माणूस. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सोपं हाये ना बे. अम्माचं वय पाह्य. मी लिहून देतो, अम्माले कोन आलं, कोन गेलं ते समजत नाई, डोकं ताब्यात नाई. खुलाशाले जोड. येडी बुढी होती म्हटल्यावर कोन काय बोलते? मिटला इषय."

माझ्या जिवात जीव आला. खरंच आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी दार दाखवलं होतं. मी म्हटलं, "द्या, आत्ताच द्या."

डॉक्टर नावापुरते दोन प्रश्न विचारायला अम्माकडे वळला. अम्मा, आज वार कोणता? अम्मानं वार सांगितला, तिथी सांगितली, चतुर्थी कधी तेही सांगितलं. आणि वरून त्याला म्हणाली, "तुह्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? मले फोन नाई केला तुनं. लाज वाटू दे." डॉक्टर हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. पेन हातात धरून तो ह्यांच्याकडे बघत राहिला.

हे म्हणाले, "चाल, उठू." कागद घेतलाच नाही.

गाडीत मी फार बोलले. सगळं बोलले. तुमचं हे हरिश्चंद्रपण कोणाच्या पोटाला पुरणार? हात दाखवून अवलक्षण कशाला? आयुष्यभर एक संत्रं फुकटचं खाल्लं नाही आणि आता चोर म्हणून घरी जायचं? एक कागद तर आहे, कोणाचं नुकसान नाही त्यात!

मागच्या सीटवरून अम्मा म्हणाली, "लिही रे. मी येडी हाय म्हून लिही. मले काय होते त्यानं? नाव तुहं हाये, माहं काय हाये!"

ह्यांनी गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली थांबवली. मागे न बघता म्हणाले, "अम्मा, त्या बापाची पोरगी गेली. त्याले मी खोटा कागद दाखवू? जिंदगीभर लोकांले शपथ देत आलो." मग त्यांनी गाडी सुरू केली आणि बडनेरा येईपर्यंत कुठं थांबवली नाही.

खुलासा त्यांनी स्वतः लिहिला. मी वाचला. माझी आई पूर्ण शुद्धीवर आहे, तिनं त्या बाईला न ओळखता आमच्या रीतीप्रमाणे घरात घेतलं, फळं घरात ठेवली नाहीत, मला काही माहीत नव्हतं. तरी घर माझं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. एवढंच. कुठं रडगाणं नाही, कुठं 'दया करावी' नाही. मी वकील होते. मला तो कागद वाचताच कळलं की हा माणूस स्वतःचा बचाव करायलाच विसरला आहे. मला आजही वाटतं, डॉक्टरचा कागद जोडायला हवा होता. ह्यांना हे माहीत आहे आणि आम्ही त्यावर बोलत नाही.

चौकशीत काही निघालं नाही. मुख्य न्यायाधीश भला माणूस, त्यांनी तसं वर लिहिलंही. मला आशा वाटायला लागली. आशा फार वाईट. भीतीची सवय होते, आशेची नाही. मी देवीला नवस बोलले, मी, जी कधी काही मागत नाही.

होळीनंतर ऊन तापायला लागलं तेव्हा उत्तर आलं. मुदतवाढ नाही. एका ओळीचा हुकूम. हे दुपारीच घरी आले, असं कधी होत नाही, त्यामुळे दारातच मला सगळं समजलं. म्हणाले, "झालं." मला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

अम्मा पूजेच्या खोलीत वाती वळत बसली होती. हे तिच्याजवळ जमिनीवर बसले. मनातलं बोलायचं असलं की हे तमिळवर जातात. इतक्या वर्षांत मला ती भाषा कळायला लागली आहे.

अम्मानं विचारलं, "आज लवकर?"

"माझी सुट्टी झाली, अम्मा. ह्या महिन्यापासून घरी."

अम्माच्या बोटांतली वात थांबली. "त्या फोटोमुळे?"

"छे गं! तो विषय कधीच मिटला. अठ्ठावन्न झाले ना मला. आमच्यात सगळ्यांनाच अठ्ठावन्नाला घरी पाठवतात. नियमच आहे."

मी दारात उभी होते. शपथेवर सोडाच, सहज गप्पा मारतानाही हा माणूस कधी खोटं बोललेला मला आठवत नव्हतं. अम्मा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं. किती दमतोस. आता जरा आराम कर." हे उठून अंघोळीला गेले.

अम्मानं मला हाक मारून जवळ बसवलं, आणि वऱ्हाडीत, हळू आवाजात म्हणाली, "बाजूच्या बंगल्यातल्या साहेबाले साठ लागून राहिलं. तो तं अजून रोज कोर्टात जाते." मी मान खाली घातली. तिनं माझा हात घट्ट धरला. "मले समजलं म्हून त्याले सांगू नको वं, माय. त्याले वाटू दे, मले काईच समजत नाई."